गालाची फुंक

देवराव बाटली जिंकत होता आणि मरत होता. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि वार्डातल्या लोकांना त्यातलं पहिलंच दिसत होतं.

बाटली म्हणजे एक नव्हे, दोन. सुताराने ठोकलेल्या लाकडी पिंजऱ्यात जाड काचेच्या दोन बाटल्या शेजारीशेजारी बसवलेल्या, वर उचलायला कडी. दोन्हींच्या तोंडाला रबरी बुचं, बुचांतून काचेच्या नळ्या, आणि या बाटलीतून त्या बाटलीत जाणारी एक रबराची नळी. एकीत जांभळं औषध टाकलेलं पाणी. रोग्याने तोंडाकडची नळी ओठांत धरायची, ऊर भरून दम घ्यायचा आणि फुंकायचं. फुंकेच्या रेट्याने पाणी इकडून तिकडे जातं. मग दुसऱ्या बाजूने फुंकून ते परत आणायचं. पाण्याचं महत्त्व काहीच नाही. खरं काम छातीत होतं. रेटून फुंकलं की आतल्या मिटलेल्या वाटा उघडतात, चिकटून बसलेला बेडका सुटतो आणि खोकल्याबरोबर वर येतो. अमरावतीच्या त्या सरकारी दवाखान्यात छातीच्या वार्डाला हा पिंजरा एकच होता. बेबीताई नावाची सिस्टर तो कडीला धरून या खाटेवरून त्या खाटेवर फिरवायची. एकाचं झालं की तोंडातली नळी काढून उकळायची आणि दुसऱ्याला लावायची.

बाकीचे रोगी दोन बोटं पाणी हलवताना लालबुंद व्हायचे. देवराव एका दमात बाटली रिकामी करायचा. थांबणं नाही, धापणं नाही. पाणी कसं नळाला आल्यासारखं एका धारेने जायचं. लोक उठून बसायचे बघायला.

"वाहवा, देवरावदादा," कोणी म्हणायचं, "एक डाव अजून."

आणि देवराव अजून एक डाव करायचा.

भागीरथा, त्याची बायको, रोज चारच्या सुमारास भेटीच्या वेळेला यायची. ते दोघं राहायचे अकोल्याला, देवराव कामाला होता त्या कापसाच्या जिनाच्या मागच्या वस्तीत. पोरं तिथंच सासूजवळ ठेवून ती अमरावतीला मावसबहिणीकडे, मनकर्णाकडे येऊन राहिली होती. फडक्यात भाकर, वांग्याची भाजी, वर एक कांदा. आली की ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची नाही. खाटेखाली वाकायची. तिथं झाकणाचा पांढरा डबा असायचा, बेडका थुंकायचा. ती झाकण उघडून आत बघायची. सासरच्या माणसाने हंडा उघडून बघावा तसं.

डबा रोज जवळपास कोरडा.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. डॉक्टर पोरगेले होते, पण बोलायचे नीट. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग बेडक्याने बुजलाय, मिटून बसलाय. बाटली फुंकायची, मग खाटेच्या कडेवरून डोकं खाली सोडून लोंबकळायचं आणि पाठीवर थापट्या मारून साचलेलं बाहेर काढायचं. येत्या शुक्रवारी पुन्हा छातीचा फोटो. तोवर तो भाग उघडला नाही, तर आत सडत जाईल. मग नागपूरला पाठवून कापून काढावा लागेल.

"कापलेलं परत येते का, डाक्टरसायब?" तिने विचारलं होतं.

"नाही."

"अन् मानूस?"

डॉक्टरांनी समोरचा कागद सरळ केला. "बहुतेक येतो," म्हणाले.

त्या 'बहुतेक'ला भागीरथा ओळखत होती. वस्तीतला बुधाजी असाच बहुतेक परत येणार होता. त्याची फक्त चप्पल आली.

आता जिनाचं सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको. जिनात कापूस येतो. सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे पडते, आणि उरलेली धूळ माणसाच्या छातीत पडते. सरकीचं तेल निघतं, रुईच्या गाठी होऊन गाडीत चढतात. छातीतल्या धुळीला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही. आठवड्याची सुटी संपवून माणूस कामावर आला की छाती आवळते, संध्याकाळी खोकला, सकाळी खोकला, आणि मालकाचा माणूस म्हणतो, बिड्या कमी ओढा बे. देवरावाने आयुष्यात बिडी ओढली नव्हती. ओढणार कसा? त्याला दम सांभाळायचा होता.

कारण देवराव आधी सनई वाजवायचा. अंजनगाव सुर्जीच्या बाजूच्या एका खेड्यात, बापानंतर त्याच्याकडे आलेलं ते काम होतं. लग्न कोणाचं, मांडव कोणाचा, आणि हा बाहेर उकिरड्याच्या अंगाला उन्हात उभा. नवरदेव पारावर आल्यापासून अक्षता पडेपर्यंत सूर तुटता कामा नये. तुटला तर अपशकुन, आणि अपशकुनाची आईमाईवरून शिवी वाजवणाऱ्याला. सूर न तोडता वाजवायची एक तऱ्हा असते. गालात हवा भरून ठेवायची, ती गालांनीच दाबत नळीत सोडायची, आणि तेवढ्यात नाकाने चोरून थोडा दम घ्यायचा. छाती कधी पूर्ण रिती होत नाही, कधी पूर्ण भरतही नाही. बापाने पोराला हे शिकवलं होतं ते पाण्याच्या गडव्यात बोरूची नळी बुडवून. बुडबुडे थांबले की पाठीत गुद्दा. एवढं करून जेवायला सगळ्यांच्या शेवटी, पत्रावळ हातात, आणि पाणी वरून ओतलेलं.

छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गावात लोकांनी देव नदीत सोडले. देवरावाने देवांबरोबर सनईही सोडली. ती बुडाली नाही, लाकडाचीच ती, तरंगत गेली. तो काठावर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता आणि मग भागीरथेला म्हणाला, "चाल वं अकोल्याले." झालं. त्यानंतर त्याने कोणाच्या दारात तोंडाला काही लावलं नाही. साधी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. पोरांसाठीसुद्धा.

आणि आता बाजूच्याच खाटेवर खुशालराव.

खुशालराव त्याच गावचा. काळ्या जमिनीचा मालक, मिशा अजून ताठ, छातीत पाणी झालेलं. ते सुईने काढलं होतं, आणि आता त्यालाही बाटली फुंकायची होती. तो फुंकत नव्हता. बेबीताई पिंजरा घेऊन आली की म्हणायचा, आज मस्तक दुखते. उद्या म्हणायचा, आज उपास हाय. ताई काय समजायचं ते समजली होती. तिने नळी त्याच्या डोळ्यांसमोर उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढून दाखवली.

"उकळली आहे, खुशालराव."

"उकळल्यानं मैल जाते, ताई," खुशालराव म्हणाला. "बाकीचं नाई जात."

बाकीचं म्हणजे काय, ते वार्डात सगळ्यांना कळलं. देवराव खाटेवर बसून ऐकत होता. त्याने पिंजरा ओढला, नळी तोंडात धरली आणि खुशालरावाकडे बघत, एका दमात, सगळं पाणी पलीकडे नेलं. मग परत आणलं. मग पुन्हा नेलं.

"अरे," खुशालराव उशीवरून मान उचलून म्हणाला, "तू देवराव होय नं? माह्या लग्नात तूच होता. आत्ता वयखलं तुले."

"मी तुमाले पयल्या दिवशीच वयखलं, खुशालराव."

पूर्वी तो मालक म्हणायचा. खुशालरावाला ते नाव कानात टोचलं असावं, पण छातीत दम कमी असला की माणूस राग निवडून वापरतो. त्याने मान परत उशीवर टाकली.

हे सगळं भागीरथेने त्या दिवशी दारातून पाहिलं. आणि तिला आनंद झाला नाही. लोक पाण्याकडे बघत होते. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचे गाल टम्म फुगले होते, गोल, चकचकीत, दोन्ही बाजूंना. नाकपुड्या सशासारख्या हलत होत्या. आणि छाती? छाती खाटेच्या लोखंडासारखी जागच्या जागी.

हे गाल तिने पहिल्यांदा पाहिले ते नवी नवरी असताना. कोणाच्या तरी लग्नात हा वाजवत होता आणि ती दुरून बघत होती. हा माणूस दम घेऊनच नाही राहिला, मरते वाटते, असं वाटून ती रडायला लागली होती. सासू म्हणाली, येडी, त्याचा दम गालात असते.

भागीरथा खाटेशी येऊन बसली. भाकरीचं फडकं सोडलं. डबा उघडून बघितला. झाकण लावलं.

"तुमी गालानं फुंकून राहिले," ती म्हणाली.

"काय?"

"गालानं. सनईवानी. पानी जाते, पन छातीतून काईच नाई जात. म्हनून डबा कोल्डा हाय."

देवराव हसला. "तुले काय समजते त्यातलं? ताई सोता म्हने, तुमच्यासारखं कोणी फुंकत नाई."

"बरोबर म्हने. कोणीच नाई फुंकत असं. ज्याईले फुंकता येत नाई थे बरे होऊन घरी चालले. तुमी तेवढे इथं बसले, पैलवान."

बाजूचा एक म्हातारा हसला. देवरावाचा चेहरा बदलला. त्याने भाकर फडक्यावर परत ठेवली.

"म्हंजे," तो हळू बोलला, "मी आजूनबी वाजवूनच राहिलो, असं म्हनतं तू."

"मी असं नाई म्हतलं."

"असंच म्हतलं. नदीत सोडली म्या थे. तुह्या समोर सोडली. अन् तू म्हनतं, याच्या मांडवाभायेर," त्याने मानेनेच खुशालरावाकडे दाखवलं, "मी आजून हुबाच हावो."

भागीरथेने भाकर पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. "शुक्रवार आला," ती म्हणाली. "तुमाले नागपूरले जाचं का?"

"जाईन. कापतीन तं कापतीन."

"अन् मी? मी काय तुमची चप्पल घ्याले येऊ?"

त्याने पाठ फिरवली. ती उठली, भाकर झाकून ठेवली आणि गेली. वाटेत तिला रडू आलं नाही, राग आला. त्या गावाचा, त्या मांडवांचा राग. माणसाने काम सोडलं, गाव सोडलं, देव सोडले, आणि हे गावकरी त्याच्या गालात राहायला आले होते, भाडं न देता.

दुसऱ्या दिवशी देवरावाने बाटलीला हात लावला नाही. बेबीताईने विचारलं तर म्हणाला, आज मस्तक दुखते. खुशालराव त्यावर खोकल्यासारखं हसला. म्हणजे आता दोन खाटा शेजारीशेजारी, दोघांच्या छात्या बुजलेल्या, आणि दोघंही एकाच नळीला तोंड लावत नाहीत. एक म्हणतो तुझं उष्टं. दुसरा म्हणतो माझं जुनं. मधे बाटली बिचारी जांभळं पाणी घेऊन उभी. देवरावाला त्या दिवशी ताप भरला.

गुरुवारी भागीरथा आली ती सरळ बेबीताईकडे गेली आणि गालाचं सगळं सांगितलं. ताईने ऐकलं, आणि तिनेच मग देवरावाच्या समोर बसून, त्याच्या छातीवर तपासायची नळी लावून फुंकायला सांगितलं. तापाने तो थकला होता. नाही म्हणायचं त्राण नव्हतं. त्याने फुंकलं. पाणी धारेने गेलं. ताईने कानातून नळी काढली.

"बाई बरोबर सांगते," ती म्हणाली. "आत वारा हललाच नाही. मीही पाण्याकडेच बघत होते. देवराव, गाल आत घ्या. गाल ढिले सोडा."

त्याने प्रयत्न केला. खरोखर केला. पण गाल काही हुकमाचे चाकर नव्हते. नळी ओठाला लागली की ते आपोआप फुगायचे. बापाचे गुद्दे खाऊन शिकलेले गाल ते. त्याने एकदा केलं, दोनदा केलं, आणि नळी तोंडातून काढून घाबऱ्याघुबऱ्या भागीरथेकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"मले येतच नाई वं," तो म्हणाला. "साद्या मानसावानी फुंकता येत नाई मले."

वार्ड भरलेला होता. भेटीची वेळ. प्रत्येक खाटेशी कोणाची आई, कोणाचा भाऊ. आणि त्या काळात नवराबायको चारचौघांत एका खाटेवर बसत नसत. बायकोने नवऱ्याचं नाव घेणं दूर, त्याच्या अंगाला चार लोकांत हात लावला तर म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. भागीरथेने पदर खोचला. खाटेवर चढून नवऱ्याच्या समोर मांडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही गाल धरले. हळू नाही. पोराचं तोंड धुताना धरतात तसे, घट्ट, तळवे दातांपर्यंत दाबून.

"आता फुका," ती म्हणाली.

देवरावाचे डोळे मोठे झाले. "अवं, लोक पाहून राहिले."

"पायतीन. त्याईले काय काम हाय दुसरं? फुका."

कोणीतरी हसलं, मग पाच-सहा जण हसले. भागीरथेने मान वळवली नाही. त्याने नळी ओठांत धरली. गाल फुगायला निघाले, तिच्या तळव्यांना येऊन धडकले आणि परत गेले. हवेला जागा नव्हती. त्याने फुंकलं.

पाणी हललं नाही.

सगळ्या वार्डाला धारेने पाणी नेऊन दाखवणारा देवराव, आणि पाणी तसूभर हललं नाही. हसणं थांबलं. त्याने नळी सोडली, धापला.

"दम घ्या. छातीत घ्या. माह्याकडं पाहा. त्याईच्याकडं नोका पाहू, पान्याकडबी नोका पाहू."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि दम घेतला. खांदे वर आले. बरगड्या सदऱ्यातून मोजता येतील इतक्या फाकल्या. आत कुठेतरी कर्रकन वाजलं, जुनं दार उघडताना वाजतं तसं. तिला ते तळव्यांतून कळलं. मग त्याने रेटलं. पोट आत गेलं, मानेच्या शिरा टरारल्या, गाल तिच्या हातांत थरथरले पण फुगले नाहीत. जांभळं पाणी नळीत चढलं, थबकलं, आणि बुडबुड करत पलीकडच्या बाटलीत एक बोटभर पडलं.

"अजून."

अजून एक बोट. तिसऱ्या वेळेला त्याला खोकला आला. तो खोकला साधा नव्हता, मुळातून उपटलेला होता. बेबीताईने त्याला पालथं वळवून खाटेच्या कडेवरून डोकं खाली सोडायला लावलं, आणि भागीरथेचा हात धरून त्याचा खोलगट द्रोण केला, पाठीवर डाव्या अंगाला ठेवून दाखवला. भागीरथेने थापायला सुरुवात केली. धप, धप, धप. मनातला तीन दिवसांचा राग होता, तोही थोडा थापला तिने. देवराव खाली लोंबकळत खोकत राहिला, आणि बेडका आला. हिरवट, काळपट, कापसाच्या तंतूसारखा ओढला जाणारा, आणि असा घाण वासाचा, की पलीकडच्या खाटेशी बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला.

भागीरथेने डबा उचलून उजेडात धरला आणि आत बघितलं. मग ताईला दाखवला. दूध नासलं नाही ना बघावं इतक्या निवांतपणे.

"निघालं," ती म्हणाली.

"निघतंय," ताई म्हणाली. "थांबू नका."

त्या दिवशी ताईने भेटीची वेळ संपल्यावरही तिला बाहेर काढलं नाही. पुन्हा गाल, पुन्हा फुंक, पुन्हा लोंबकळणं. शुक्रवारीही सकाळपासून तेच. अधेमधे देवराव तिच्या तळव्यांतून तोंड सोडवून म्हणायचा, दुखून राहिलं वं. आणि ती म्हणायची, दुखू द्या, गालच दुखून राहिले नं, फुप्फुस तं हाय जाग्यावर.

खुशालराव हे सगळं बघत होता. शुक्रवारी दुपारी देवरावाला फोटोसाठी नेलं, तेव्हा वार्डात पिंजरा त्याच्या खाटेशीच राहिला होता. खुशालराव बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत पडला होता.

"बाई," तो भागीरथेला म्हणाला, "माहे गाल कोन धरन?"

"तुमाले गाल धराची गरज नाई," भागीरथा म्हणाली. "तुमी जलमात कोणासाठी फुंकलं नाई. तुमचे गाल कोरे हायेत. नळी तोंडात धरा अन् फुका. उकळली हाय."

खुशालरावाने धोतराचा सोगा नळीवर गुंडाळला. भागीरथेने ते बघितलं. सोग्यातून वारा गळायचा आणि पाणी हलायचं नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, सोगा काढला, आणि उघड्या नळीला तोंड लावलं. त्याने मनातून काही सोडलं म्हणून नव्हे; त्याला जगायचं होतं म्हणून. असं माझं मत. लोक म्हणतात माणूस सुधारला. सुधारला असेल तर बरंच आहे.

देवराव परत आला तेव्हा खुशालराव म्हणाला, "देवराव, तू एका दमात नेत होता, थे कसं रे? मले शिकव नं."

"मी शिकवत नाई, खुशालराव," देवराव खाटेवर पडत म्हणाला. "मी इथं बिमार हावो."

डॉक्टरांनी नुकताच धुतलेला ओला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. खालचा भाग पूर्ण नाही, पण उघडला होता. नागपूर नको, ते म्हणाले. मात्र ही बाटली जन्माची. रोज सकाळी फुंकायची, लोंबकळायचं, थापायचं. आणि जिनात परत जायचं नाही. हे शेवटचं डॉक्टर सहज बोलून गेले. डॉक्टरांना बोलायला काय जातं. देवराव परत जिनात गेलाच, फक्त भांडूनतंडून फाटकावर बसायचं काम मागून घेतलं. तिथं धूळ येते, पण पोटभर येत नाही.

दवाखान्याने पिंजरा दिला नाही, एकच होता. बेबीताईने रिकाम्या झालेल्या औषधाच्या दोन बाटल्या, बुचं आणि नळ्या दिल्या. मनकर्णाच्या नवऱ्याने फळीचे तुकडे ठोकून त्यांना घर केलं, वर दोरीची कडी. बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत भागीरथेने तो पिंजरा मांडीवर धरला होता. समोरचा माणूस म्हणाला, "शरबताचं दुकान काय बाई?" ती म्हणाली, "हो. याईच्या एकट्यासाठी."

त्यानंतर अकोल्याच्या त्या वस्तीत रोज सकाळी एक तमाशा व्हायचा. ओट्यावर देवराव, मधे पिंजरा, समोर भागीरथा, तिच्या दोन्ही हातांत त्याचे गाल. पोरं शाळेत जाता जाता थांबून बघायची. शेजारची जमुना म्हणायची, "अवं भागीरथे, म्हातारपनी काय लाड चालले?" भागीरथा म्हणायची, "लाड नाईत, दवा हाय."

पावसाळा गेला, दिवाळी आली. तोवर देवरावाला साध्या माणसासारखं फुंकता यायला लागलं होतं. भागीरथा एकदा नदीवरून धुणं धुऊन आली, तेव्हा तिची सासू सांगत होती, की आज त्यानं एकट्यानंच फुंकलं, गाल सपाट, छाती वरखाली, डबा भरला. भागीरथेने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर येऊन बसली, हात पदरात ठेवले आणि वाट बघत राहिली. देवरावाने नळी तोंडात धरली. तिच्याकडे बघितलं. आणि दोन्ही गाल टम्म फुगवले.

"काहून?" ती म्हणाली. "काल तं येत होतं."

"आज नाई येऊन राहिलं," तो नळीच्या बाजूने म्हणाला.

तिने हात पदराला पुसले आणि त्याचे गाल धरले, थोडे हळू.